रावेतचा बंकर

माझी शेवटची पोस्टिंग राजस्थानात होती. रेजिमेंट इंजिनियर्सची, तंबू वाळूत, सीमा जीपने सहज गाठता येईल एवढ्यावर. मी नायब सुभेदार होतो आणि माझ्याकडे एनबीसीचं ट्रेनिंग होतं. एनबीसी म्हणजे न्यूक्लिअर, बायोलॉजिकल, केमिकल. अणुबॉम्ब, रोगजंतू किंवा विषारी वायूचा हल्ला झाला तर जवानाने काय करायचं, ते मी शिकवायचो. नातेवाइकांना वाटायचं मी बॉम्ब बनवतो. लग्नकार्यात लोक माझ्यापासून जरा लांबच बसायचे.

रोजचा क्रम ठरलेला. पहाटे पीटी, मग नाष्टा, आणि ऊन चढायच्या आत सूट अंगावर. सूट जाड, आतून कोळशाचं अस्तर. वर रबरी बूट, हातमोजे, तोंडावर मास्क. मे महिन्यात त्या सूटमध्ये माणूस मोदकासारखा उकडून निघतो. "गॅस, गॅस, गॅस" अशी आरोळी झाली की श्वास रोखायचा, डोळे मिटायचे, मास्क चढवायचा, मगच डोळे उघडायचे. त्यानंतर बडी चेक, म्हणजे एकमेकांचा मास्क तपासायचा. प्रत्येक जवानाला एक जोडीदार ठरवून दिलेला असतो, त्याला बडी म्हणतात. सरावासाठी धुराने भरलेल्या खोलीत एक जण आत जातो, बडी दाराशी थांबतो. आतल्याने सतत बोलत राहायचं, काय दिसतंय, काय करतोय. बोलणं थांबलं की बडीने आत धावायचं. बडीशिवाय कोणी आत जायचं नाही, हे मी कित्येक बॅचेसकडून घोकून घेतलं.

मारुती येळवंडे तिथे माझ्या हाताखाली आला, तेव्हा तो नायक होता. तळवड्याचा. त्यांच्या शेतात आता कारखान्यांच्या शेड उभ्या आहेत. क्लास हिंदीत चालायचा, पण एक दिवस त्याने उभं राहून मराठीतच विचारलं, "साहेब, बॉम पडल्यावर सूट घालायचा, ह्ये समजलं. पन बॉम पडल्यावर आमी असनार का?"

ज्यांना मराठी कळत होतं ते हसले. मी त्याला पूर्ण किटसकट मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. प्रश्न बरोबर होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून शिक्षा. फेऱ्या संपवून तो आला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "साहेब, आता ठाव झालं. पळायचं." तेव्हापासून आमचं जमलं. धुराच्या खोलीत माझा बडी तोच असायचा.

पुढे मी सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि दिघीत घर घेतलं. शेजारी मिलिटरीची जमीन आहे, सकाळी पीटीच्या शिट्ट्या ऐकू येतात, तेवढंच बरं वाटतं. चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत सेफ्टी आणि सिक्युरिटीचं काम मिळालं. मारुती हवालदार होऊन निवृत्त झाला आणि रावेतच्या एका उंच सोसायटीत सिक्युरिटी सुपरवायझर म्हणून लागला. गणवेश निळा झाला, पण बूट तो जुन्यासारखेच चमकवायचा. तिथली पोरं त्याला सिक्युरिटी काका म्हणायची. हवालदार म्हणा, असं त्याने कधी कोणाला सांगितलं नाही. मला त्याचा राग यायचा.

मग बातम्या सुरू झाल्या. शेजारी देश लांब पल्ल्याचं नवं अण्वस्त्र तयार करतोय, चाचणी जवळ आली आहे, सीमेवर हालचाल आहे. खरं किती आणि वाढवलेलं किती, ते मला माहीत नाही. चॅनेलवाले नकाशावर पुण्याभोवती लाल वर्तुळं काढायला लागले. आतल्या वर्तुळात काय होईल, बाहेरच्यात काय होईल. आमच्या कॅन्टीनमध्ये जेवण सोडून लोक मोबाइलवर ती वर्तुळं मोठी करून बघायचे, आपली बिल्डिंग आत येते की बाहेर. एक जण म्हणाला, "भावा, वर्तुळाबाहेरच्या फ्लॅटचा भाव वाढणार बघ." हसले सगळे, पण घास कोणाचा पुढे सरकेना. भोसरीतल्या मेडिकलमध्ये टिंक्चर आयोडीन संपलं. आयोडीन घेतलं की रेडिएशन बाधत नाही, असा कोणीतरी मेसेज फिरवला होता. जखमेवर लावायचं ते औषध आमच्या प्रेस शॉपचा एक ऑपरेटर दुधात घालून प्यायला. त्याला मीच गाडीत घालून दवाखान्यात नेलं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो मी त्या आठवड्यात डोळ्यांनी पाहिला.

एके दिवशी मारुतीचा फोन आला. "साहेब, आमच्या सोसायटीत यायला लागतंय. लय घाबारलीत मान्सं. तुमी दोन शब्द सांगा."

रविवारी सकाळी गेलो. क्लब हाउस भरलेलं. चेअरमन पाटणकर तळवड्याच्या आयटी पार्कमध्ये मोठ्या हुद्द्यावर, माणूस सभ्य. मला पुष्पगुच्छ दिला, मेजरसाहेब म्हणाले. मी म्हटलं, सुभेदार. पहिला प्रश्न एका बाईंनी विचारला, "काका, रावेत टप्प्यात येतं का?"

मी खोटं बोलत नाही, हा माझा दोष म्हणा. मी म्हणालो, "बॉम्ब जवळ पडला तर प्रश्नच उरत नाही. लांब पडला तर घराच्या आतल्या खोलीत बसा, खिडक्या लावा, पाणी झाकून ठेवा, रेडिओ ऐका."

"एवढंच?"

"एवढंच."

खोलीतली हवाच गेली. तीस वर्षांच्या नोकरीत मी इतके निराश चेहरे एकत्र पाहिले नव्हते. त्यांना माझ्याकडून काहीतरी यंत्र, काहीतरी गोळी, काहीतरी युक्ती हवी होती. ती माझ्याकडे नव्हती. कोणाकडेच नाही.

पाटणकर मला आणि मारुतीला खाली लोअर बेसमेंटमध्ये घेऊन गेले. तिथे पार्किंगचा एक भाग त्यांनी प्लायवूडने वेगळा केला होता. गाद्या, पाण्याचे कॅन, बिस्किटांची खोकी, औषधं. वायफायचा राउटर बॅटरीवर बसवला होता, म्हणजे बॉम्ब पडला तरी पोरांचं नेट बंद पडायला नको. झडपांना, फटींना सगळीकडे प्लास्टिक आणि चिकटपट्टी. ते त्याला बंकर म्हणत होते.

पलीकडच्याच खोलीत डीजी होता. डीजी म्हणजे डिझेल जनरेटर, लाइट गेली की आपोआप चालू होणारा. त्या खोलीला हवेसाठी मोठी लोखंडी जाळी होती आणि त्या जाळीवरही यांनी प्लास्टिक ताणून टेप मारली होती.

मारुती म्हणाला, "साहेब, बगा. सायलेन्सरच्या जोडापाशी धूर गळतोय. जाळी उगडी हाय, फॅन हाय, म्हनून आजवर चालतंय."

मी पाटणकरांना म्हणालो, "इंजिन आणि माणसं एका बंद जागेत ठेवायची नाहीत. बॉम्ब राहू द्या, धुरानेच मराल. ही टेप आत्ता काढा."

"पण काका, रेडिएशन जाळीतूनच येणार ना? माझी आई ऐंशीची आहे. दोन लहान मुली आहेत. काहीतरी करायलाच हवं."

"टेप काढा."

मारुतीने माझ्यासमोर ती ओरबाडून काढली. पाटणकर हो म्हणाले. मी दिघीला परत आलो.

पुढच्या दिवसांत जे चाललं ते मला मारुती फोनवर सांगायचा. तो सकाळी ड्यूटीवर आला की जाळीची टेप काढायचा. संध्याकाळपर्यंत कोणीतरी ती परत लावायचं. कोण, ते कोणी सांगायचं नाही. तो काढायचा, ते लावायचे. एक दिवस त्याने जाळीच्या चौकटीवर खडूने मोठ्या अक्षरात लिहिलं, टेप लावू नये. दुसऱ्या दिवशी अक्षरांवरूनच प्लास्टिक ताणलेलं. "साहेब, मान्सं वाईट न्हाईत," तो म्हणाला. "दिवाळीला घरटी मिठाई देत्यात मला. पन ऐकत न्हाईत."

मग शासनाने मॉक ड्रिल जाहीर केली. संध्याकाळी सहाला सायरन होणार, लाइट घालवणार, नागरिकांनी सुरक्षित जागी थांबायचं, थोड्या वेळाने सगळं संपणार. नुसती रंगीत तालीम. आमच्या कंपनीचं काम माझ्याकडे होतं. दुसरी पाळी कामावर, पहिल्या पाळीतले ओव्हरटाइमला थांबलेले, सगळ्यांना मोकळ्या मैदानावर आणून उभं केलं. सायरन झाला. नेहमी थट्टामस्करी करणारी पोरं आकाशाकडे बघत होती. एकाने आईला फोन लावून नुसतं "हॅलो" म्हटलं आणि रडायला लागला.

फोन वाजला तेव्हा मी हजेरी घेत होतो. मारुती.

"साहेब, डीजी चालू झालाय. मी आत्ता खाली बगितलं. जाळीला टेप हाय. आतून प्लायवूडबी मारलंय."

"माणसं?"

"समदी आत हायत. दार लावून बसल्यात."

"डीजी वरून बंद कर."

"वरून बटन न्हाई. डीजीच्या खोलीतच हाय."

"आधी माणसं बाहेर काढ. रॅम्पचं शटर उघड."

"शटर लाइटवरचं हाय, डीजीवर न्हाई चालत, आन् हाताची साखळी अडकलीय. जिन्यानंच काढावी लागतील."

मी दुसऱ्या फोनवरून फायर ब्रिगेडला कळवलं. पत्ता सांगितला, बंद बेसमेंट, डिझेलचा धूर, श्वासाचे सिलेंडरवाले सेट घेऊन या. निघतो म्हणाले. मी स्वतः गाडीत बसलो आणि चाकण चौकातच अडकलो. सायरनच्या धास्तीने अख्खा पट्टा एकाच वेळी घरी निघाला होता. पुढे ट्रेलर, मागे कंपन्यांच्या बसेस. मी फोन स्पीकरवर ठेवला. बंकरच्या वायफायवर तो फोन चालू होता, तेवढा त्या राउटरचा उपयोग झाला.

त्याने दार उघडल्याचं मला ऐकू आलं. मग त्याचा आवाज, मैदानावरचा, हवालदाराचा.

"उठा! समदी उठा! जिन्यानं वर! सामान ऱ्हाऊ द्या! पाटणकर सर, आईला घ्या!"

कोणीतरी विचारलं, "काका, बॉम्ब पडला का?"

"न्हाई ताई. वर चला. धूर झालाय."

काही जण चालत गेले. काही जण उठू शकत नव्हते. हा धूर डोकं जड करतो, झोप आणतो, पाय उचलत नाहीत, आणि माणसाला वाटतं आपण नुसते घाबरलोय. बंकरमधले लोक त्यांच्या ग्रुपवर डोकं दुखतंय म्हणून मेसेज टाकत होते आणि बाकीचे त्यांना दीर्घ श्वास घ्या म्हणत होते, हे मला नंतर कळलं. मारुती एकेकाला धरून जिन्यापर्यंत नेत होता. त्याचा श्वास फोनमध्ये घुमत होता.

"किती राहिले?"

"बंकर रिकामा झाला, साहेब."

"शाब्बास. आता तू वर जा. फायर ब्रिगेड येतेय."

"जिन्यात बाया बसल्यात, लहान पोरी हायत. उठंनात. माज्यासंगं एकच गार्ड हाय, त्याला दमा हाय, त्यो वरनं ओढतोय. धूर जिन्यातच चाललाय. डीजी बंद केल्याबिगर भागत न्हाई."

"नाही. मारुती, ऐक. बडी नाही तुझ्याबरोबर."

"तुमी हाय की फोनवर."

"मास्क?"

"जुना हाय माज्याकडं, फिल्टरच्या डब्यासकट. घातलाय."

"मास्क हा वायू अडवत नाही. कार्बन मोनॉक्साइड आहे तो. मास्कमधून सरळ आत येतो."

"ठाव हाय, साहेब. तुमीच शिकीवलंय."

मी त्याला ऑर्डर दिली. सुभेदाराच्या आवाजात, स्पष्ट शब्दांत, बाहेर थांब. त्याने इतक्या वर्षांत माझी एकही ऑर्डर मोडली नव्हती. तो म्हणाला, "व्हय साहेब," आणि दार उघडल्याचा आवाज आला. डीजीची घरघर एकदम मोठी झाली.

"बोलत राहा," मी ओरडलो. "काय दिसतंय?"

"काय न्हाई. काळं हाय. भिंत धरून चाललोय."

"पुढे?"

"तारा लागल्या हाताला. पॅनल आसंल."

"लाल बटन. गोल. चाचपून बघ."

"व्हय."

"मारुती, बोल."

"डोकं जड झालंय, साहेब. थांबा... गावलं."

घरघर थांबली. इतकी शांतता झाली की मला फोनमधून जिन्यातल्या पोरीचं रडणं ऐकू आलं.

"बंद केला," तो म्हणाला.

"बाहेर ये. भिंतीला हात लाव आणि आलास तसा ये. बोलत ये."

"व्हय साहेब."

त्यानंतर तो बोलला नाही. मी हाका मारल्या. नाव घेतलं, रँक घेतली, शिव्या दिल्या, देवाची शपथ घातली. शेजारच्या बसमधली माणसं खिडकीतून माझ्याकडे बघत होती. बोलणं थांबलं की बडीने आत धावायचं असतं, आणि मी चाकण चौकात ट्रेलरच्या मागे उभा होतो. गाडी तिथेच सोडून पळत सुटलो. कुठे पळत होतो मलाच माहीत नाही, रावेत तिथून कित्येक किलोमीटर. एका मोटरसायकलवाल्याने मला मागे घेतलं.

मी पोहोचलो तेव्हा फायर ब्रिगेडने त्याला वर आणून लॉनवर ठेवलं होतं. तो डीजीच्या खोलीच्या दाराशी, उंबऱ्याच्या आत पडलेला सापडला. आजूबाजूला सोसायटीचे लोक चादरी पांघरून बसले होते. कोणी ऑक्सिजनवर, कोणी उलट्या करत होतं. पाटणकरांची आई खुर्चीवर बसून जप करत होती. तिला धुराचं काहीच सांगितलं नव्हतं, तिला वाटत होतं बॉम्ब पडून गेला. ड्रिल संपल्याचा सायरन केव्हा होऊन गेला ते कोणालाच आठवत नव्हतं. मी मारुतीच्या तोंडावरचा मास्क काढला आणि त्याच्याशेजारी बसलो. मला रडू आलं आणि मी ते थांबवलं नाही.

पंचनामा झाला. कागदावर अपघाती मृत्यू. ते बरोबरच आहे, कायद्याने दुसरं काही लिहिता येत नाही. तो ड्यूटीवरचा जवान नव्हता आणि समोर शत्रू नव्हता, म्हणून तिरंगा नाही, सलामीची फैर नाही. तळवड्याला नदीकाठी आम्ही काही माजी सैनिक मेडल लावून उभे राहिलो आणि सॅल्यूट केला. बिगुल कोणाकडे नव्हता. सोसायटीने चौकात फ्लेक्स लावला, भावपूर्ण श्रद्धांजली, आमचे लाडके सिक्युरिटी काका. रँक नव्हती. मी पेंटरला पैसे देऊन वर हवालदार लिहून घेतलं.

पाटणकर घाटावर आले होते. माझ्याजवळ येऊन म्हणाले, "काका, मी काय करायला हवं होतं?" मला त्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पण ते ज्या तऱ्हेने विचारत होते, ती तऱ्हा मी ओळखत होतो. क्लब हाउसमध्ये अख्खी सोसायटी मला तेच विचारत होती. टेप कोणी लावली, ते आजतागायत कोणी सांगितलेलं नाही. मीही विचारणं सोडून दिलं.

नकाशावरची वर्तुळं काही दिवस गेली, मग पुन्हा आली. नवं क्षेपणास्त्र, नवा पल्ला. मागच्या महिन्यात त्याच सोसायटीच्या नव्या कमिटीचा मला फोन आला. या वेळी व्यवस्थित करायचंय म्हणाले, हवा शुद्ध करणारं मशीन बसवतोय, तुम्ही एकदा बघून जा. मी फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी मात्र गेलो आणि आधी डीजीची जाळी बघितली. न जाऊन काय करणार, खाली माणसंच बसणार आहेत.

तिथून तळवड्याला मारुतीच्या घरी गेलो. त्याची बायको शेवंता वहिनी शेवगा निवडत बसली होती. तिने मला पाट दिला. मग म्हणाली, "साहेब, येनारा-जानारा ईचारतो, मालक कशानं गेलं. मिल्ट्रीतला मानूस, म्हंजी लढाईत गेला आसंल, आसं वाटतंय लोकास्नी. मी काय सांगू?"

"लढाईतच सांगा, वहिनी."

तिने हातातली शेंग खाली ठेवली. "कुनासंगं?"

शत्रू कोण, तो कुठून येतो, काय घेऊन येतो, हे मी आयुष्यभर शिकवलं. मी तिच्यासमोरची एक शेंग उचलून मोडायला घेतली. तीही पुन्हा शेंगा मोडायला लागली.

हवालदार मारुती येळवंडे, इंजिनियर्स. त्याने खालून वर पाठवलेली सगळी माणसं जिवंत आहेत. आणि ती सगळी अजून घाबरलेली आहेत.